निद्रावस्था, संगणकाची

चालू कामाचा संदर्भ न गमावता, वीज वाचवण्यासाठी संगणक थांबवून ठेवण्याची स्थिती. स्लीप, स्टँडबाय, सस्पेंड ही नावे व्यवहारात एकमेकांच्या जागी सर्रास वापरतात. विंडोज एक्सपीतला ‘स्टँडबाय’ व्हिस्टात ‘स्लीप’ झाला. म्हणून नावावर न जाता प्रोसेसर, रॅम आणि डिस्क यांपैकी कोणाकडे काय शिल्लक राहते, ते पाहून व्याख्या करणे बरे.

इंटेल व मायक्रोसॉफ्ट यांच्या एपीएम (१९९२) या पद्धतीत वीज-व्यवस्थापनाची सूत्रे मुख्यतः बायोसकडे होती. डिसेंबर १९९६ मध्ये या दोघांनी तोशिबासह एसीपीआय हे मानक आणले आणि ती ऑपरेटिंग सिस्टिमकडे दिली. २०१३ पासून हे मानक यूईएफआय फोरमकडे आहे.

मानकानुसार एस-० म्हणजे जागा संगणक, एस-१ ते एस-४ निद्रावस्था आणि एस-५ म्हणजे ‘सॉफ्ट ऑफ’. एस-१ मध्ये प्रोसेसर फक्त थांबतो, विसरत काही नाही. एस-२ क्वचितच आढळते.

एस-३ : खरी ‘झोप’ हीच. रॅम आणि जागे करणारी मोजकी मंडले सोडून बाकीचा वीजपुरवठा तुटतो. डायनॅमिक रॅममधला विद्युतभार सतत गळत असतो. साधारण ६४ मिलिसेकंदांत तो पुन्हा भरावा लागतो. झोपेत हे काम रॅमच्या चिपा स्वतःच करतात. झोपण्यापूर्वी ऑपरेटिंग सिस्टिम प्रक्रिया गोठवते, ड्रायव्हरांकरवी एकेक उपकरण निजवते आणि शेवटी नियंत्रण-रजिस्टरमधला ठरावीक बिट चढवते. उठताना प्रोसेसरला मागचे काहीच आठवत नसते. तो फर्मवेअरपासून सुरुवात करतो. फर्मवेअर रॅम न पुसता मेमरी-नियंत्रक उभा करते आणि ऑपरेटिंग सिस्टिमने आधीच लिहून ठेवलेल्या पत्त्यावर उडी घेते. मग प्रत्येक ड्रायव्हरने आपले उपकरण पूर्वस्थितीला आणायचे. एकाने जरी कुचराई केली तरी पडदा काळाच राहतो, आणि दोष मात्र बहुधा सगळ्या संगणकाला दिला जातो.

एस-४ (हायबरनेशन) : रॅमची प्रतिमा डिस्कवर लिहिली जाते, त्यानंतर वीज पूर्ण गेली तरी चालते. लिनक्स त्यासाठी सहसा स्वॅपची जागा वापरते, विंडोज स्वतंत्र फाइल ठेवते. व्हिस्टातील ‘हायब्रिड स्लीप’मध्ये प्रतिमा डिस्कवर लिहून वर एस-३ ही घेतली जाते. विंडोज ८ च्या (२०१२) ‘फास्ट स्टार्टअप’मध्ये वापरकर्त्याचे सत्र बंद होते, पण कर्नल हायबरनेट होतो. म्हणजे तिथे ‘शट डाउन’ हीसुद्धा अर्धवट निद्राच. कर्नल नव्याने सुरू होतो तो ‘रीस्टार्ट’ने.

आधुनिक स्टँडबाय : विंडोज ८ मधील ‘कनेक्टेड स्टँडबाय’चा विंडोज १० मधील विस्तार. पडदा बंद, उपकरणे अत्यल्प विजेवर, पण संगणक एस-० मध्येच. अधूनमधून उठून तो जाळ्यावरची कामे उरकू शकतो. अनेक नव्या लॅपटॉपांत एस-३ देतच नाहीत. लिनक्समध्ये याच्या जवळची ‘फ्रीझ’ अवस्था ३.९ आवृत्तीत (२०१३) आली. आधुनिक स्टँडबायला निद्रावस्था म्हणावे का, याविषयी एकमत नाही. एसीपीआयच्या मोजणीत यंत्र जागेच असते. बंद बॅगेत लॅपटॉप तापल्याच्या तक्रारी या अवस्थेसंबंधी विशेष ऐकू येतात.

मॅक : हायब्रिड स्लीपसारखीच ‘सेफ स्लीप’, २००५ पासून.

सुरक्षा : एस-३ मध्ये डिस्कच्या कूटलेखनाची किल्ली सहसा रॅममध्येच राहते, एस-४ मध्ये ती प्रतिमेबरोबर डिस्कवर जाऊ शकते.