काळारामाच्या दाराशी उभे राहिलेले तरुण

नाशिकमध्ये राहणाऱ्या आपणा सर्वांना पंचवटीतील काळाराम मंदिर निदान बाहेरून तरी ठाऊक आहे. भाभानगरमधील दादासाहेब गायकवाड सभागृहातही आपल्यापैकी पुष्कळजण कोणत्या ना कोणत्या समारंभाच्या निमित्ताने गेलेले असतात. परंतु या दोन वास्तूंचा एकमेकींशी संबंध काय, असे एखाद्या वर्गात विचारले, तर फारसे हात वर होत नाहीत. दोष केवळ मुलांचा नव्हे. काळाराम सत्याग्रह म्हटला की आपल्याला एक तारीख आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आठवते व तेथेच आठवण संपते. ज्या तरुणांनी हा लढा पाच वर्षे चालविला, ते त्या आठवणीच्या बाहेरच राहतात.

लढ्याचे मूळ थोडे मागे आहे. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबईच्या विधिमंडळाने रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव संमत केला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुले असावेत, असा तो ठराव होता. कागदावर हक्क मिळाला, पाणी मात्र मिळाले नाही. ते घेण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले आणि त्यापायी मारही खावा लागला. त्या दिवशी मार चुकवून पळणाऱ्या काहींना महाडमधील मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. पुढे डिसेंबरात तेथेच दुसरी परिषद भरवायची ठरली, तेव्हा मंडपासाठी कोणी जागा देईना. ती दिली फत्तेखान नावाच्या एका मुसलमान गृहस्थाने. गावातील व्यापाऱ्यांनी शिधा विकण्याचे नाकारले होते, म्हणून धान्यधुन्य बाहेरून आणावे लागले. अशा वातावरणात आपली जमीन देणे ही लहान गोष्ट नव्हती. आपल्या समाजातील किती घरांत फत्तेखानचे नाव माहीत आहे, हा प्रश्न येथे नुसता नोंदवून पुढे जातो.

महाडनंतर नाशिक. १९३० साली येथील सत्याग्रह समितीचे चिटणीस होते भाऊराव कृष्णराव गायकवाड. दिंडोरी तालुक्यातील आंबे गावी १५ ऑक्टोबर १९०२ रोजी त्यांचा जन्म झालेला, म्हणजे त्यावेळी वय अवघे सत्तावीस. पुढे महाराष्ट्र ज्यांना दादासाहेब म्हणू लागला, तेच हे भाऊराव. खुद्द बाबासाहेबांनाही अजून चाळीस पूर्ण झाली नव्हती. आपण थोरामोठ्यांच्या तसबिरी पाहतो त्या उतारवयातील असतात, त्यामुळे हे सारे तरुणांचे काम होते ही गोष्ट ध्यानातून निसटते.

२ मार्च १९३० रोजी नाशिकला परिषद भरली आणि दुपारी मिरवणूक निघाली. सुमारे पंधरा हजार लोक, मैलभर लांब रांग. पुढे बँड, त्यामागे बालवीरांचे पथक आणि त्यांच्यामागे जवळजवळ पाचशे स्त्रिया. ज्या काळात चांगल्या सुखवस्तू घरांतील बायकाही रस्त्यावर मोकळेपणी येत नसत, त्या काळात या कष्टकरी स्त्रिया शिस्तीने चालत होत्या. मंदिराचे दरवाजे बंद होते. मिरवणूक गोदावरीच्या घाटाकडे वळली व तेथे सभा झाली. दुसऱ्या दिवशी, ३ मार्चला, पहिली तुकडी दरवाजांसमोर जाऊन बसली. तीत १२५ पुरुष होते आणि २५ स्त्रिया. पोलीस अधिकाऱ्याने आपली कचेरीच मंदिरासमोर तंबूत आणली. गांधीजींची दांडीयात्रा साबरमतीहून निघाली ती १२ मार्चला, म्हणजे त्यानंतर नऊ दिवसांनी. एकाच महिन्यात देशात दोन सत्याग्रह उभे राहिले, एक परकी सरकारशी आणि दुसरा आपल्याच शेजाऱ्यांशी. यातला दुसरा अधिक अवघड होता असे माझे मत आहे, कारण शेजाऱ्याशी भांडण काढल्यावर रात्री परतायचे असते ते त्याच गल्लीत.

दरवाजे महिनाभर उघडले नाहीत. मग रथोत्सव आला. दोन्ही बाजूंच्या लोकांनी मिळून रथ ओढावा अशी तडजोड ठरली. ९ एप्रिलला प्रत्यक्षात असे घडले की, सत्याग्रहींचा हात लागण्यापूर्वीच रथ पुढे पळविण्यात आला. दगडांचा वर्षाव सुरू झाला. कद्रेकर नावाचा भंडारी समाजातील एक तरुण पोलिसांची फळी फोडून रथापर्यंत पोहोचला आणि तेथेच रक्तबंबाळ होऊन कोसळला. हा तरुण स्वतः अस्पृश्य गणलेल्या जातीतला नव्हता. ज्या अपमानाची झळ त्याला लागली नव्हती, त्यासाठी त्याने डोके फोडून घेतले. बाबासाहेबांनाही त्या गर्दीत मार लागला.

येथवरची हकीकत चरित्रग्रंथांतून सापडते. खरी किंमत मात्र त्यानंतर मोजली गेली आणि ती सभेतील वक्त्यांपेक्षा घरातील माणसांनी मोजली. मुलांना शाळांतून बाहेर काढण्यात आले. रस्ते बंद झाले. दुकानदार मीठमिरची देईनात. तरुण मुलगा दरवाजासमोर बसला की त्याच्या आईला वाणसामान मिळेनासे होई आणि धाकट्या भावाची शाळा सुटे. असे असूनही तुकड्या येत राहिल्या. १९३० च्या अखेरीस बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले, तेव्हा हा भार भाऊराव गायकवाड, अमृतराव रणखांबे, पतितपावनदास या मंडळींनी वाहिला. अनेकांना तुरुंगवास घडला. स्त्रियांनी काय सोसले, ते पुष्कळ वर्षे कोणी विचारलेच नाही. ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी चळवळीतील वृद्ध स्त्रियांना गाठून त्यांच्या आठवणी लिहून घेतल्या व ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक सिद्ध केले ते १९८९ साली. तोपर्यंत अनेकजणी आपली हकीकत बरोबर घेऊन गेल्या होत्या.

येथे पालकांच्या मनात एक प्रश्न येईल आणि तो रास्त आहे. आपल्या मुलाने अभ्यास सोडून अशा भानगडीत पडावे काय? याचे उत्तर त्याच लढ्यात आहे व ते सरळ नाही. १९३४ साली रामनवमीला पुन्हा सत्याग्रह करावा असा भाऊरावांचा विचार होता. ३ मार्च १९३४ च्या पत्रात बाबासाहेबांनी त्यांना तसे न करण्याचा सल्ला दिला. आपल्या लोकांनी मूर्तिपूजक व्हावे किंवा मंदिरात गेल्याने ते समान ठरतील, अशा समजुतीने हा लढा सुरू केलाच नव्हता, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. लोकांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी, त्यांच्यात चैतन्य यावे, हा हेतू होता आणि तो साधला होता. आता शक्ती वेचायची ती राजकारणावर आणि शिक्षणावर. ज्या पुढाऱ्याने मुलांना दरवाजासमोर बसविले, त्यानेच चार वर्षांनी त्यांना उठवून अभ्यासाकडे वळविले. उठविताना पराभव झाला असे तो म्हणाला नाही आणि बसविले ही चूक झाली असेही नाही. मला तर वाटते, चळवळ सुरू करणारे पुष्कळ भेटतात, ती नेमकी कोठे थांबवावी हे ओळखणारा विरळा.

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी आपल्याच जिल्ह्यातील येवले येथे परिषद भरली आणि तेथे हा सत्याग्रह थांबविण्यात आला. बाबासाहेबांची धर्मांतराची घोषणाही तेथलीच. मंदिराचा दरवाजा तेव्हा बंदच होता.

सातासमुद्रापलीकडचे एक उदाहरण आपल्या विद्यार्थ्यांना कदाचित अधिक माहीत असेल. अमेरिकेत ग्रीन्सबरो या शहरी १ फेब्रुवारी १९६० रोजी चार काळे विद्यार्थी एका दुकानातील गोऱ्यांसाठी राखलेल्या खाण्याच्या टेबलाशी जाऊन बसले. चौघेही कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. सहा महिन्यांच्या आतच त्या दुकानाने नियम बदलला. नाशिकचे तरुण त्यांच्या तीस वर्षे अगोदर बसले होते आणि त्यांच्या वाट्याला तसा निकाल आला नाही. मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला १९४७ साली. अस्पृश्यता नष्ट करणारे राज्यघटनेचे सतरावे कलम लागू झाले २६ जानेवारी १९५० रोजी. पहिल्या तुकडीत बसलेला विशीतला तरुण तोवर चाळिशीला आला होता.

भाऊराव १९३७ च्या निवडणुकीत मुंबई विधानसभेत निवडून गेले, १९५७ मध्ये नाशिकमधून लोकसभेवर आणि १९६२ मध्ये राज्यसभेवर. भूमिहीनांना पडीक जमिनी मिळाव्यात म्हणून १९५९ साली आणि पुन्हा १९६४ च्या अखेरीस त्यांनी सत्याग्रह केले. या वेळी साठी ओलांडलेली होती, पण पद्धत काळारामाचीच. तुकड्या करायच्या, अटक करून घ्यायची, हात उचलायचा नाही. जमीन मागणाऱ्यांत सर्व जातिधर्मांचे भूमिहीन यावेत असा त्यांचा आग्रह असे. २९ डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले.

२ मार्च २०३० रोजी या सत्याग्रहाला शंभर वर्षे पूर्ण होतील. त्यात भाग घेतलेले कोणी आता हयात असण्याचा संभव नाही, पण त्यांची नातवंडे याच शहरात आहेत, कित्येक आपल्या शेजारी आहेत. एखाद्या घरी आजोबांचे तुरुंगातील पत्र असेल, एखादा फोटो असेल, आजीने सांगितलेली गोष्ट असेल. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी वही घेऊन त्यांच्याकडे जावे, नाव, गाव, साल विचारून लिहून घ्यावे, आणि ती वही शाळेच्या ग्रंथालयात ठेवावी.