परदेशातून परतलात? मुलांच्या राहिलेल्या लसी अशा पूर्ण करा

कुवेत, सौदी, दुबईहून कोकणात कायमची परतलेली कुटुंबं आपण सगळेच पाहतो. शाळेचा दाखला होतो, आधार होतं. लसीचं कार्ड मात्र बॅगेतच राहून जातं. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी परिसरात गोवरची साथ आली आणि लहान मुलं दगावली. म्हणून हे काम लांबवू नये.

पहिली गोष्ट, राहिलेला कोर्स पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागत नाही. दोन डोस झाले असतील तर तिसऱ्यापासून पुढे जायचं. मधे कितीही महिने गेले तरी आधीचे डोस धरले जातात.

तिकडच्या कार्डावरची नावं वेगळी असतात. हेक्झा म्हणजे आपल्या पेंटामधल्या पाच लसी आणि पोलिओ. एमएमआर म्हणजे गोवर-रुबेला, सोबत गालगुंड. सौदीच्या कार्डावर हिजरी तारीख असेल तर इंग्रजी तारीख काढून शेजारी लिहून न्या.

कार्डच हरवलं असेल तर? आधी तिकडच्या दवाखान्याकडून नोंद मागवून पाहा. नाहीच मिळाली तर डॉक्टर लस झाली नाही असं धरून वयानुसार देतात. गोवर-रुबेला किंवा पोलिओचा एखादा डोस जास्त झाला म्हणून अपाय होत नाही.

वयाचा हिशेब लक्षात ठेवा:
- बीसीजी सरकारी केंद्रात एक वर्षापर्यंतच.
- गोवर-रुबेलाचे राहिलेले डोस तिथे पाच वर्षांपर्यंत. त्यापुढच्या मुलांसाठी बालरोगतज्ज्ञांना विचारा.
- डीपीटी सात वर्षांपर्यंत; त्यानंतर टीडी. टीडी १० आणि १६ व्या वर्षीही असते.

एकाच दिवशी दोन-तीन लसी घेता येतात, फक्त जागा वेगळ्या. राहिलेल्या डोसांमधे साधारणपणे किमान चार आठवड्यांचं अंतर लागतं. साधी सर्दी असली तरी लस टाळू नका. जास्त ताप असेल किंवा आधीच्या लसीने गंभीर ॲलर्जी झाली असेल तर आधी डॉक्टरांना सांगा.

प्राथमिक आरोग्य केंद्र, उपकेंद्र आणि अंगणवाडीतल्या सत्रात या लसी मोफत मिळतात. सत्राचा दिवस आशाताईंना विचारा. नवीन कार्ड झालं की मोबाईलवर फोटो काढून ठेवा. घरचे पुन्हा परदेशी गेले तर तोच कामी येईल.