अंगावरून वारं गेलं, तेव्हा किती वाजले होते?



आपल्या भोकरदन-मंठ्याकडं एखादा कर्ता माणूस बोलता बोलता अडखळतो, तोंड वाकडं होतं, हात लुळा पडतो. घरची माणसं म्हणतात, "अंगावरून वारं गेलं." मग कोणी तेल चोळतो, कोणी पारव्याचं रक्त लावायला सांगतो, आणि त्यात अर्धा दिवस निघून जातो.

महात्मा जोतीराव फुले यांच्यावर हाच प्रसंग आला होता. मे 1888 मध्ये मुंबईत लोकांनी त्यांना 'महात्मा' ही पदवी दिली आणि त्याच वर्षी जुलैत त्यांना पक्षाघात झाला. उजवा हात निकामी झाला. डॉ. विश्राम रामजी घोले यांच्यासारख्या नामांकित डॉक्टरांनी उपचार केले. पण या रोगावर नेमका इलाज तेव्हा जगात कुणापाशीच नव्हता. जोतीरावांनी डाव्या हाताने 'सार्वजनिक सत्य धर्म पुस्तक' लिहून पुरं केलं. 28 नोव्हेंबर 1890 रोजी ते गेले. पुस्तक 1891 साली, त्यांच्यामागं छापून निघालं.

हे वारं नव्हे. मेंदूत रक्तस्राव झाल्यानं माणूस असा कोसळतो, हे स्वित्झर्लंडच्या योहान वेप्फर यांनी 1658 सालीच दाखवलं होतं. कधी रक्तवाहिनी फुटते, तर बहुतेक वेळा तीत गुठळी अडकते. यातलं काय झालं, हे जिवंत माणसात पाहण्याची सोय 1971 साली सीटी स्कॅननं झाली. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा गुण 1995 साली सिद्ध झाला. ते साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि तेही स्कॅन झाल्यावरच.

म्हणून तीन गोष्टी पाहा. हसायला सांगा, तोंड एका बाजूला ओढतं का? दोन्ही हात वर करायला सांगा, एक खाली येतो का? "आज बाजाराचा दिवस आहे" एवढं म्हणायला सांगा, जीभ अडखळते का? यातलं एक जरी दिसलं, तरी 108 ला फोन करा. पाणी, गोळी काही देऊ नका. घास नळीत अडकतो. लक्षणं दहा मिनिटांत गेली, तरीही दवाखाना गाठा. तो पुढच्या झटक्याचा इशारा असतो.

आता गुरुजनांसाठी. खेळताना पोर डोक्यावर पडलं, रक्त आलं नाही, म्हणून "काही झालं नाही" असं म्हणू नका. डोकं न फुटताही मेंदूला हिसका बसतो, हे इराणातल्या अल-राझी या वैद्यांनी हजार वर्षांपूर्वी ओळखलं होतं. त्या दिवशी त्याला पुन्हा खेळू देऊ नका. घरी निरोप द्या, एक-दोन दिवस लक्ष ठेवायला सांगा. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, तेच तेच विचारणं, उठवूनही न उठणारी गुंगी, झटके, बाहुल्या लहानमोठ्या दिसणं, नाकाकानातून पाणी येणं, यातलं काहीही दिसलं की थांबायचं नाही. मोटारसायकलवरून पडलेल्या माणसालाही हेच लागू.

मंठ्याहून जालन्याला यायलाच तासाच्या वर जातो. जालन्याहून छत्रपती संभाजीनगर आणखी साठेक किलोमीटर. साडेचार तासांतला बराच वेळ त्यातच खर्ची पडतो. तेव्हा माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला, ती वेळ कागदावर लिहून सोबत न्या. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.