मॉइश्चरायझर : तेलकट, मुरूम येणाऱ्या त्वचेसाठी

त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातील पाणी टिकवून ठेवणारा लेप. तेलकट चेहऱ्याला त्याची गरज नसते, हा समज घरोघरी आहे आणि तो चुकीचा आहे. चेहऱ्यावर चमकते ते त्वग्वसा ग्रंथींतून पाझरणारे स्निग्ध द्रव्य. त्वचेत पाणी किती आहे, हे त्यावरून कळत नाही. वरून तेलकट दिसणारा चेहरा आतून कोरडा असू शकतो.

तेलंगणाच्या सीमेलगतच्या देगलूर तालुक्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि हवा कोरडी असते. घाम-तेलाला कंटाळलेली मुले दिवसातून अनेकदा साबणाने तोंड धुतात. पाणी बोअरचे, जड असेल तर साबणाचा साका त्वचेवर राहतो. वरून लिंबू किंवा मुलतानी माती लावली की चेहरा ओढल्यासारखा होतो, चुणचुणतो. मुरूम मात्र तिथेच राहतात. तोंड सौम्य फेसवॉशने दोनदा धुणे पुरेसे असते.

मॉइश्चरायझरचा खरा उपयोग उपचार सुरू झाल्यावर कळतो. बेंझॉइल पेरॉक्साइड, अ‍ॅडापलीन ही मुरुमांवरची नेहमीची औषधे सुरुवातीला त्वचा कोरडी करतात, साल निघते, आग होते. गुण दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. तेवढा धीर न धरता पुष्कळ जण औषध सोडतात. औषधाआधी किंवा नंतर मॉइश्चरायझरचा पातळ थर दिला, तर ही जळजळ सोसवते. म्हणून ते उपचाराचाच भाग मानले पाहिजे.

पाण्यावर आधारलेले जेल किंवा हलके लोशन निवडावे. ग्लिसरीन व हायल्युरॉनिक आम्ल पाणी धरून ठेवतात, सिरॅमाइडे त्वचेचा संरक्षक थर सांधतात, डायमेथिकोन तेलाशिवाय ओलावा अडवते. तोंड धुतल्यावर कातडी किंचित ओली असतानाच ते लावावे. खोबरेल तेल आणि कोको बटर चेहऱ्यापासून दूर ठेवावे. प्रसाधनांमुळे मुरूम येतात, हे अल्बर्ट क्लिगमन व ओटो मिल्स यांनी 1972 मध्ये मांडले. वेष्टनावरचा ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ हा शब्द त्याच संशोधनपरंपरेतला. तो निवडीला मदत करतो, हमी देत नाही. डोक्याला चापून लावलेले तेल कपाळावर उतरूनही पुटकुळ्या येतात.

सर्वांत मोठा धोका मेडिकलमधून परस्पर आणलेल्या ‘गोरेपणाच्या’ मलमांचा. त्यांतील बीटामेथासोन, मोमेटासोन यांसारखी स्टिरॉइडे आधी चेहरा उजळवतात; पुढे त्वचा पातळ होते, शिरा दिसू लागतात आणि मुरूम उसळतात. केंद्र सरकारने 2018 मध्ये अशा मलमांची चिठ्ठीशिवाय होणारी विक्री बंद केली, तरी सवय सुटलेली नाही. गाठी, पू किंवा व्रण असतील, तर नांदेडच्या विष्णुपुरीतील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. शेजाऱ्याची ट्यूब चेहऱ्याला लावू नये.