इंग्रजी वाक्याचे सांधे



इंग्रजी निबंधाचा विषय निघाला कीं आपल्या घरांत दोन समजुती हटकून ऐकूं येतात. ज्याच्या घरीं इंग्रजी बोललें जातें त्यालाच तें लिहिणें साधावयाचें, ही पहिली. आणि इतरांनीं दहावीस निबंध मुखोद्गत करून परीक्षेची वेळ निभावून न्यावी, ही दुसरी. ज्याचें आयुष्य शाळेंत इंग्रजी शिकविण्यांत गेलें त्याला या समजुतींचें फळ उत्तरपत्रिकांत पाहावयास मिळतें. शब्दांचा सांठा मोठा असतो, व्याकरणाच्या चुकाही बेताच्याच असतात. पण एका वाक्याचा दुसऱ्याशीं संबंध काय, आणि हा परिच्छेद येथेंच कां संपला, याचा उलगडा होत नाहीं. म्हणून आज मी या विषयाचा थोडा इतिहास सांगणार आहें. संयुक्त वाक्य आणि सुसंगत परिच्छेद या गोष्टी इंग्रजांनाही जन्मतः मिळालेल्या नव्हत्या. त्या हजार वर्षांच्या अवधींत घडल्या. आणि त्यांचे नियम बांधणाऱ्यांत बाहेरून आलेल्या लोकांचा वांटा फार मोठा आहे.

नवव्या शतकाच्या अखेरीस, आल्फ्रेड राजाच्या काळीं, अँग्लो-सॅक्सन इतिवृत्त लिहिण्यास आरंभ झाला. त्यांतील कित्येक नोंदींची ठेवण आपल्या कहाण्यांसारखी आहे: सैन्य आलें, आणि राजा लढला, आणि अमका सरदार पडला. गौण वाक्यें त्या भाषेंत नव्हतीं असें नव्हे. पण विधानामागून विधान ठेवून त्यांस 'अँड' या एकाच दोऱ्यांत ओवणें ही तेथील सरळ वाट होती. पुढें १०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें. राजदरबारीं फ्रेंच आणि धर्मपीठांत लॅटिन असा क्रम कित्येक पिढ्या चालला, आणि त्या सहवासांत इंग्रजीला जोडकामाचें नवें सामान मिळालें. कारण दाखविणारा 'बिकॉज' हा शब्दच पाहा. त्याचा पूर्वार्ध देशी, उत्तरार्ध फ्रेंचांतून आलेला. तो चौदाव्या शतकांत रूढ झाला. कार्यकारणाचा एक मुख्य सांधा इंग्रजीनें असा परक्याच्या मदतीनें बसविला, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

कॅक्स्टननें १४७६ सालीं वेस्टमिन्स्टर येथें छापखाना घातला आणि वाचकवर्ग वाढूं लागला. परंतु सोळाव्या शतकांतील विद्वानांच्या मनावर लॅटिनचा पगडा होता. रिचर्ड हूकर याच्या धर्मशासनविषयक ग्रंथाचे पहिले भाग १५९३ च्या सुमारास निघाले. त्यांतील एकेक वाक्य म्हणजे चौसोपी वाडा आहे. बांधकाम भव्य खरें, पण दिंडींतून शिरलेला पाहुणा माजघरापर्यंत पोहोंचतां पोहोंचतां थकून जातो. १६६० सालीं रॉयल सोसायटी स्थापन झाली. तिचा वृत्तान्त लिहिणाऱ्या टॉमस स्प्रॅटनें १६६७ सालीं शास्त्रीय विवेचनासाठीं उघडी, नैसर्गिक आणि अलंकारांचा सोस नसलेली भाषा हवी, असा आग्रह धरला. ड्रायडननें आपल्या गद्यानें तोच मार्ग प्रशस्त केला. आणि १७११ मध्यें अ‍ॅडिसन व स्टील यांनीं 'स्पेक्टेटर' हें दैनिक सुरू केलें, तेव्हां इंग्रजी वाक्य कॉफीगृहांत व दिवाणखान्यांत येऊन बसलें. तें आतां एका श्वासांत वाचतां येण्याजोगें झालें होतें.

वाक्याची ही बांधणी डोळ्यांना दिसावी म्हणून चिन्हें लागतात. तींही इंग्लंडचीं नव्हत. अर्धविराम पंधराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिस येथील आल्डुस मानुतिउस या मुद्रकाच्या छापखान्यांतून प्रचारांत आला. 'पॅरग्राफ' हा शब्द ग्रीक असून त्याचा मूळ अर्थ 'बाजूस लिहिलेलें' असा आहे. नवा विषय सुरू झाला कीं समासांत एक आडवी रेघ ओढीत, तिचें हें नांव. हस्तलिखितांत पुढें रेघेच्या जागीं रंगीत खूण आली. छपाई सुरू झाल्यावर ती खूण हातानें काढण्यासाठीं ओळीच्या आरंभीं जागा सोडीत, आणि खूण भरावयाची राहून गेली तरी मोकळी जागा मात्र कायम झाली, असें सांगतात. आपल्याकडेही मोडी कागदांत शब्दाशब्दांमध्येंसुद्धां जागा सोडण्याचा प्रघात नव्हता. मेजर कँडी यांनीं १८५० मध्यें 'विरामचिन्हांची परिभाषा' लिहिली, तेव्हांपासून मराठी वाक्याला आजचे थांबे मिळूं लागले.

आतां नियम बांधणाऱ्यांकडे वळूं. अठराव्या शतकांतील स्कॉटलंडच्या सुशिक्षितांना लंडनची इंग्रजी प्रयत्नानें शिकावी लागे. डेव्हिड ह्यूमसारख्या तत्त्ववेत्त्यानें १७५२ सालीं, लेखनांत टाळावयाच्या स्कॉच प्रयोगांची यादी छापली होती! त्याच स्कॉटलंडांत एडिंबरो येथें १७६२ सालीं ह्यू ब्लेअर यांस साहित्यशास्त्राचें अध्यापकपद मिळालें, आणि वाक्यांत स्पष्टता, एकता व जोर कसा आणावा हें सांगणारीं त्यांचीं व्याख्यानें १७८३ सालीं छापून निघालीं. शाळाशाळांतून पोहोंचलेलें इंग्रजी व्याकरण १७९५ सालीं लिंडली मरे यांनीं लिहिलें. हे गृहस्थ जन्मानें अमेरिकन. यॉर्कनजीक येऊन राहिले होते आणि तेथील मुलींच्या शाळेंतील शिक्षिकांच्या विनंतीवरून त्यांनीं हें काम हातीं घेतलें.

परिच्छेदाचे नियम सर्वांत रेखीवपणें मांडणारे अलेक्झांडर बेन हे तर अ‍ॅबर्डीनच्या एका विणकराचे चिरंजीव. अकराव्या वर्षीं शाळा सुटली व माग हातीं आला. स्वतःच्या कष्टानें पुढें शिकून ते १८६० सालीं अ‍ॅबर्डीन विद्यापीठांत तर्कशास्त्र व इंग्रजी या विषयांचे अध्यापक झाले. १८६६ सालच्या आपल्या रचनाविषयक ग्रंथांत त्यांनीं परिच्छेदासंबंधीं सहा गोष्टी सांगितल्या. प्रत्येक वाक्याचा मागील वाक्याशीं संबंध उघड असावा. एकाच विचाराचीं वाक्यें एकाच घाटाचीं असावींत. पहिल्या वाक्यानें विषय सुचवावा. मांडणी क्रमवार असावी. उद्देश एक असावा. आणि मुख्य काय, गौण काय, हें प्रमाणावरून कळावें. ताणा आणि बाणा यांचा मेळ ज्यानें लहानपणीं हातांनीं बसविला, त्यानेंच पुढें वाक्यांची वीण कशी असावी हें जगाला सांगितलें, हा योगायोग मला मोठा अर्थपूर्ण वाटतो.

बाहेरच्यांनाच हें कां सुचावें? ज्याला भाषा आईच्या दुधाबरोबर मिळाली तो तिचे सांधे न पाहतां चालतो. ज्याला ती शिकावी लागली त्याला प्रत्येक सांधा चाचपून पाहावा लागतो. एक लहानसें उदाहरण घ्या. 'ही इज पुअर' आणि 'ही इज ऑनेस्ट' हीं दोन केवल वाक्यें. त्यांच्यामध्यें 'अँड' घातलें तर एका माणसाचीं दोन लक्षणें सांगून झालीं. 'बट' घातलें कीं, गरीब माणूस सहसा प्रामाणिक नसतो, असा आरोप आपण न बोलतां करून बसतों. 'दो ही इज पुअर' असें म्हणून गरिबीला गौण स्थान दिलें, तर भर प्रामाणिकपणावर पडतो. पण तो आरोप कांहीं पुसला जात नाहीं. माणूस तोच, गुण तेच. बदललें तें एवढेंसें उभयान्वयी अव्यय, आणि त्याच्याबरोबर लिहिणाराचा न्याय. म्हणून संयुक्त वाक्य ही केवळ परीक्षेंतील गुणांची बाब नव्हे. कोणत्या गोष्टीचा कशाशीं काय संबंध आहे, हें ठरविण्याची जबाबदारी तेथें लिहिणारावर येते.

आपल्या मुलांची अडचण निराळ्या प्रकारची आहे. मराठींत 'उठून, न्हाऊन, जेवून शाळेंत गेला' असें सहज म्हणतां येतें आणि क्रियापद शेवटीं येऊन सर्वांचा भार उचलतें. तीच रचना इंग्रजींत नेली कीं 'हॅविंग'ची रांग लागते. नेसफील्ड यांच्या ज्या व्याकरणांवर हिंदुस्थानांतील कित्येक पिढ्या वाढल्या, त्यांत वाक्यपृथक्करणाबरोबर सुटीं वाक्यें जोडण्याचाही भरपूर अभ्यास असे. तो रुक्ष वाटे खरा, पण त्यानें मनाला प्रश्न विचारण्याची संवय लागे: येथें कारण आहे कीं विरोध, पर्याय आहे कीं नुसता क्रम? पाठ केलेल्या निबंधांत हे सर्व प्रश्न दुसऱ्या कोणी तरी सोडविलेले असतात. मुलाच्या हातीं उत्तर येतें, विचार येत नाहीं.

आणि जो एका भाषेंत विचार जोडावयास शिकला, तो तें कसब आपल्या भाषेंतही आणतो. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं १८७४ सालीं 'निबंधमाला' सुरू केली. जॉन्सनसारख्या इंग्रजी ग्रंथकारांचा त्यांनीं कसून अभ्यास केला होता. पण त्यांच्या परिच्छेदांतून बोलते ती अस्सल मराठी. त्यांनीं इंग्रजीचीं वाक्यें उसनीं आणलीं नाहींत, मांडणीची शिस्त आत्मसात केली.

तेव्हां पालकांना माझी एवढीच विनंति आहे. मुलगा किंवा मुलगी इंग्रजी निबंध लिहावयास बसेल, तेव्हां तयार निबंधाचें पुस्तक बाजूला ठेवावें. आधीं तिला काय सांगावयाचें आहे तें एका वाक्यांत मराठींत विचारावें. मग प्रत्येक वाक्यापाशीं थांबून, हें मागच्याशीं कसें जुळतें, एवढा एकच प्रश्न करावा. हा प्रश्न करण्यास पालकाला स्वतः इंग्रजी यावेंच लागतें असें नाहीं. विणकराच्या मुलानें जगाला जें शिकविलें, तें आपल्या मुलांना अशक्य कां असावें?