चेतापेशीवरील काट्यांची कुळकथा

चेतापेशीच्या वृक्षिकांवर, म्हणजे संदेश ग्रहण करणाऱ्या तिच्या शाखांवर, मिलिमीटरच्या हजाराव्या अंशाच्या आसपास लांबीचे जे असंख्य काटे असतात आणि मेंदूच्या बाह्यकातील बहुतेक उद्दीपक संदेश ज्यांच्यावर उतरतात, त्यांना आज शरीरविज्ञानात मानाचे स्थान असले, तरी त्यांच्या अस्तित्वाची आणि कार्याची पुरती रुजुवात होण्यास सत्तरांहून अधिक वर्षे लागली.

१८७३ साली इटलीतील कामिल्लो गोल्जी यांनी पोटॅशियम डायक्रोमेट व सिल्व्हर नायट्रेट यांच्या योगाने असंख्य पेशींपैकी मोजक्याच पेशी शाखाप्रशाखांसह काळ्या रंगविण्याची रीत शोधून काढली. ती १८८७ मध्ये माद्रिद येथे लुईस सिमार्रो यांच्याकडे सांतियागो रामोन ई काहाल यांच्या पाहण्यात आली. आणि पुढल्याच वर्षी, बार्सिलोनात पदरमोड करून काढलेल्या स्वतःच्या नियतकालिकाच्या पहिल्या अंकात, पक्ष्यांच्या अनुमस्तिष्कातील पुर्किन्ये पेशींच्या शाखा काट्यांनी भरलेल्या असतात, असे त्यांनी नमूद केले.

हे काटे म्हणजे चांदीच्या क्षाराचा वेडावाकडा साका तर नव्हे, ही शंका प्रथम खुद्द काहाल यांनाच आली होती. परंतु ते ठरावीक जागीच पुनःपुन्हा आढळतात, हे पाहून त्यांनी ती सोडली. इतरांनी मात्र सोडली नाही, आणि तो आक्षेप गैरवाजवीही नव्हता. कारण सारा पुरावा एकाच रंगप्रक्रियेच्या भरवशावर उभा होता. तेव्हा वाद शब्दांनी न वाढविता काहाल यांनी चांदीचा लवलेशही नसलेल्या मेथिलीन ब्लू या रंगाचा आश्रय घेतला, आणि १८९६ मध्ये तेच काटे त्या निळ्या रंगातही दाखवून दिले.

काट्यांमुळे वृक्षिकेचा पृष्ठभाग वाढतो व अन्य पेशींचे तंतू त्यांच्याशी संपर्क साधतात, हे त्यांचे अनुमान मात्र प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाच्या आवाक्याबाहेरचे होते. काहाल १९३४ मध्ये निवर्तले. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १९५९ साली, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील ई. जी. ग्रे यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली काट्यांवर टेकलेली तंतूंची टोके, म्हणजे प्रत्यक्ष सायनॅप्स, दाखविले, तेव्हा त्या अनुमानावर शिक्कामोर्तब झाले.

गोल्जी व काहाल यांना १९०६ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, आणि रीतीचे श्रेय निःसंशय गोल्जींचे आहे. परंतु काट्यांचे श्रेय काहाल यांचेच, कारण आपल्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीलाही दुसऱ्या, स्वतंत्र रीतीचा दाखला जोडला पाहिजे, ही जबाबदारी त्यांनी स्वतःहून पत्करली.