टाकळघाटचे गाव आणि खाप्याचे दगड

आमच्या उमरेडच्या अभ्यासमंडळातील एका तरुणाने यंदा एक मजकूर माझ्यापुढे ठेवला आणि त्याखाली माझी सही मागितली. नागपूर जिल्ह्यातील शिलावर्तुळे ही आमच्या नागपूर्वजांची स्मारके होत, असे ठाम विधान त्यात होते. 14 ऑक्टोबरला हे पत्रक वाटावयाचे होते. मी सही केली नाही. त्यावरून मंडळात बरीच बोलाचाली झाली. 'सर आता म्हातारे झाले,' इथपर्यंत मजल गेली. ते खरेही आहे. पण सही नाकारण्याचे कारण वेगळे होते आणि ते बसल्या जागी सांगून पटण्यासारखे नव्हते. मी म्हटले, चला, आधी पाहून येऊ.

म्हणून आम्ही चौघे नागपूरला गेलो आणि तेथून वर्धा रोडने बुटीबोरीजवळच्या टाकळघाटला. टाकळघाट आणि खापा ही जवळजवळची दोन गावे. (सावनेरकडचा विणकरांचा खापा तो हा नव्हे.) नागपूर विद्यापीठाच्या वतीने डॉ. शां. भा. देव यांनी 1968-69 साली येथे उत्खनन केले. टाकळघाटला निघाली ती वस्ती आणि खाप्याला निघाली ती दफने. विदर्भात शिलावर्तुळे ठिकठिकाणी आहेत, एकट्या जुनापाणीला ती सुमारे 300 आहेत. पण वर्तुळे रचणारी माणसे राहत कोठे होती, हा प्रश्न दीर्घकाळ तसाच होता. टाकळघाटच्या पांढरीने त्याचे उत्तर दिले. घरांच्या जमिनी निघाल्या, मडकी निघाली, लोखंडाच्या वस्तू निघाल्या. वस्तीतील आणि दफनांतील खापरे एकाच जातीची, काळी-तांबडी आणि अभ्रकाची कणी असलेली तांबडी. म्हणजे या घरांतील लोकांनीच ती वर्तुळे रचली. काळ इसवी सनापूर्वी सातआठशे ते पाचशेच्या आसपासचा.

पाहणाऱ्याला आज तेथे फारसे काही दिसत नाही. पांढरी माती, शेते, आणि लांबवर औद्योगिक वसाहतीचा धूर. मोठमोठ्या धोंड्यांचे दहा-पंधरा मीटर व्यासाचे वर्तुळ, मध्ये माती आणि लहान दगडांची भर. आमच्यातील एकाने धोंड्याला खांदा लावून पाहिला. तो तसूभरही हलला नाही. मी काही बोललो नाही, पण मला वाटते त्या दिवशीचा खरा पाठ तोच होता. हा धोंडा कोणी तरी फोडला, कोणी तरी ओढत आणला. मेला तो एक; राबले ते किती? खापा आणि माहुरझरीच्या दफनांत मृतासोबत लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर, घोड्याच्या लगामाच्या कड्या ठेवलेल्या सापडल्या. माहुरझरीला तर तांब्याच्या दागिन्यांनी सजविलेला घोडाच धन्यासोबत पुरला होता. प्रत्येक मेलेल्या माणसाच्या वाट्याला एवढे येणे शक्य नाही. लोखंड कसे गाळीत हेही आपल्याला ठाऊक आहे. पेंच नदीकाठी नायकुंडला 1978-80 च्या उत्खननात त्या काळची भट्टी सापडली, भात्याची नळी आणि मळीसकट. भट्टीचे विटांनिशी वर्णन करता येते. तिच्यापुढे बसून भाता मारणाऱ्याविषयी मात्र एक ओळही लिहिता येत नाही.

परत येताना त्या तरुणाने विचारले, "सर, हे आपलेच होते न?"

या प्रश्नाला येथे मोठा इतिहास आहे. टाकळघाटची वर्तुळे पाहावयास 1863 साली नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप आणि मध्य प्रांताचे अधिकारी रिचर्ड टेम्पल गेले होते. परतीच्या वाटेवर हिस्लॉप बोरीची शाळा पाहण्यासाठी मागे राहिले आणि 4 सप्टेंबरच्या रात्री पूर आलेला नाला ओलांडताना बुडून मेले. पुढे 1867 साली रिव्हेट-कार्नाक यांनी जुनापाणीची वर्तुळे खोदली आणि त्यांची तुलना इंग्लंडकडील दफनांशी केली. त्या काळातील साहेबमंडळी ही स्मारके सिथियन लोकांची ठरवीत. आसपासचे गावकरी ती गवळ्यांची मानीत. नंतरच्या पंडितांचा वाद आर्य की द्रविड असा चालला. प्रत्येकाला वर्तुळात आपला कोणी तरी सापडत होता. आमचे पत्रक त्याच रांगेत आणखी एक दावा घेऊन उभे राहिले असते. दावेदार बदलला, प्रश्न तोच. वर्तुळाच्या आत कोण निजला आहे, हाच. धोंडा कोणी ओढला, हे कोणी विचारावयाचे?

आता मी इजिप्तचा दाखला देतो. मी इजिप्तला गेलेलो नाही. निवृत्त शिक्षकाची धाव ग्रंथालयापर्यंत. पण तेथील एका गावात मी पुस्तकांतून इतक्या वेळा जाऊन आलो आहे की, त्याच्या गल्लीतून डोळे मिटून चालता येईल असे वाटते. त्या गावाचे आजचे नाव देर अल-मदीना. नाईल नदीच्या पश्चिमेस, लक्सरसमोरच्या टेकड्यांत ते आहे. राजांची थडगी डोंगरात कोरणारे आणि रंगविणारे कारागीर तेथे पिढ्यान्‌पिढ्या, सुमारे चारशे वर्षे राहिले. कुसवाच्या आत 68 च्या आसपास घरे, मध्ये एक अरुंद गल्ली. दहा दिवसांचा आठवडा. कामाच्या दिवसांत माणसे डोंगरावरच्या झोपड्यांत मुक्काम करीत. कामगारांची डावी आणि उजवी अशा दोन तुकड्या, प्रत्येकीचा एक मुकादम, शिवाय हिशेबाला लेखनिक. बर्नार ब्रुयेर या फ्रेंच संशोधकाने 1922 ते 1951 पर्यंत ते गाव खोदले. एका मोठ्या खड्ड्यात त्याला हजारो खापऱ्या आणि चुनखडीच्या कपच्या सापडल्या, लिहिलेल्या! उधारी, भांडणे, गाढवाचे भाडे, धुणे, नवस, नवरा-बायकोची तक्रार, सारे काही.

त्याच गावातली अशीच एक कपची दुसऱ्या रामसेसच्या 40 व्या वर्षातली, म्हणजे सुमारे सव्वातीन हजार वर्षांपूर्वीची. ती आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ती चाळीस कामगारांची हजेरी आहे. ज्याचा खाडा झाला त्याच्या नावापुढे कारण लिहिलेले आहे. एकाला विंचू चावला. एकाचे डोळे आले. एक घरी बिअर गाळीत होता. एक आईच्या प्रेताला कापड गुंडाळीत होता. कोणी मुकादमाच्या घरच्या कामावर गेला होता. (हा शेवटचा प्रकार वाचून आमच्या अभ्यासमंडळात हशा पिकला. मुकादम तीन हजार वर्षांत बदललेला नाही.) माझा बाप उमरेडच्या कोळसा खाणीत होता. त्याचा खाडा आमच्या घरात मोठी गोष्ट असे, कारण त्या दिवसाचा रोज बुडे. बापाचे एकही पत्र आमच्याकडे नाही, फोटो एकच. त्याने किती दिवस काम केले आणि किती बुडविले, हे मात्र कोठल्या तरी हजेरी बुकात असेल, नाही तर ते वाळवीने खाल्ले असेल. म्हणून ती कपची मला राजाच्या सोन्याच्या मुखवट्याहून मोलाची वाटते.

याच कामगारांनी तिसऱ्या रामसेसच्या 29 व्या वर्षी, इसवी सनापूर्वी 1157 च्या सुमारास, संप केला. महिन्याचे धान्य थकले होते. हत्यारे ठेवून ते गावाबाहेर पडले आणि देवळाच्या मागे जाऊन बसले. भूक आणि तहान यांमुळे आम्ही येथे आलो आहोत, अंगावर कापड नाही, तेल नाही, मासळी नाही, भाजी नाही, हे वर कळवा, असे त्यांनी अधिकाऱ्यांना बजावले. ही हकीकत लेखनिकाने नोंदविली आणि तो कागद आज इटलीत तुरिनच्या संग्रहालयात आहे. नोंद झालेल्या संपांत हाच सर्वांत जुना मानतात. उपाशी कामगारांचा मोर्चा आमच्या पुढाऱ्यांनी काढण्यापूर्वी तीन हजार वर्षे निघाला होता, हे आमच्या कार्यकर्त्यांना ठाऊक असावे.

परंतु येथे थांबले तर आपली फसगत होईल. हे कारागीर सुखी नसले तरी निवडक होते. त्यांना सरकारी धान्य होते, अक्षरओळख होती, स्वतःसाठी त्याच टेकडीवर रंगीत थडगी खोदण्याइतकी ऐपत आणि कसब होते. सेन्नेजेम नावाच्या कामगाराचे थडगे 1886 साली जसेच्या तसे सापडले, त्यातील पिवळी भिंत आणि नांगर धरलेले नवरा-बायको जगप्रसिद्ध आहेत. पण त्या गावात विहीर नव्हती. पाणी खालून, नदीच्या बाजूने, गाढवांवरून येई. पाणी आणणारे, लाकूड आणणारे, कपडे धुणारे, मासे पुरविणारे असा एक वेगळा वर्ग होता आणि सरकारी दप्तरात त्यांचे नावच 'बाहेरचे' असे होते. राजा दरीत निजला, कारागीर टेकडीवर, आणि पाणक्या कोठे पुरला? पाणी वाहून आणणारा मात्र वस्तीच्या बाहेरचा, ही गोष्ट आपल्या वाचकाला फोड करून सांगण्याची गरज नाही.

माझा आजा उमरेडजवळच्या एका खेड्यात गावकीची कामे करी. त्यांत मौतीची कामे प्रमुख. कोणाच्या घरी मयत झाली की, पाऊस असो, रात्र असो, सोयऱ्यांच्या गावी सांगावा घेऊन जावयाचे ते त्याने. सरणाची लाकडे फोडून मसणात टाकावयाची ती त्याने. मोबदला म्हणजे प्रेतावरचे कापड आणि शिळे अन्न. ज्याच्या मरणासाठी तो दहा कोस चालला, त्याच्या मातीला त्याने लांब उभे राहावयाचे. ज्या दिवशी मी खाप्याच्या वर्तुळाजवळ उभा होतो, त्या दिवशी मला आजा वर्तुळाच्या आत दिसला नाही. दिसलाच असेल तर धोंड्यापाशी. हेही माझे मन आहे, पुरावा नव्हे, म्हणून ते पत्रकात घालता येत नाही.

कोणी म्हणेल, आपल्याकडे कारागिराने नाव लिहिलेच नाही. तेही खरे नाही. या संस्कृतीच्या खापरांवर ओरखडून काढलेल्या खुणा आहेत. त्या कुंभाराच्या की मालकाच्या, कोण जाणे. पुढे लिपी आली आणि बौद्ध लेण्यांत नावे दिसू लागली. पितळखोऱ्याच्या यक्षाच्या हातावर तो कान्हदास नावाच्या सोनाराने घडविल्याचे कोरलेले आहे. कोंडाण्याला कान्हाचा शिष्य बलक याने काम केल्याची नोंद आहे. कार्ल्याला धेनुकाकटचा सुतार सामी, वेणुवासाचा मुलगा, दाराचे काम आपले म्हणून सांगतो. सोनार, सुतार, पाथरवट यांना धर्मस्थळाच्या दगडावर जागा मिळाली, हे त्या दोन-तीनशे वर्षांचे वेगळेपण आहे आणि ते का घडले, का मोडले, यावर आपल्या अभ्यासकांनी झडझडून लिहिले पाहिजे.

नागांविषयी सांगावयाचे तर, 15 ऑक्टोबर 1956 च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी नाग लोकांचा आणि या भूमीचा संबंध सांगितला, हे कोणी विसरलेले नाही. त्यासाठी हाताशी पुरावा हवा असेल तर तो आमच्या उमरेडहून भिवापूरमार्गे गेले की वैनगंगेकाठी पवनीला आहे. 1969-70 च्या उत्खननात जगन्नाथ टेकडीखाली स्तूप निघाला, दात्यांची नावे कोरलेले खांब निघाले आणि मुचलिंद नागाचे शिल्प नावासकट निघाले. ते दाखवा, त्यावर पत्रक काढा, मी पहिली सही करतो. शिलावर्तुळांना मात्र नाव नाही. ज्याला नाव नाही त्याच्यावर आपले नाव लिहिणे हे साहेबाने केले, पंडिताने केले. आपणही तेच करावयाचे काय?

पत्रक अखेर निघाले नाही. त्याऐवजी मंडळाने एक वही घातली. खाणीतून निवृत्त झालेले, गिट्टी फोडणारे, मौतीचा सांगावा नेणारे यांची नावे, काम आणि साल. तो तरुणच लिहावयास बसला. पहिली नोंद माझ्या आज्याची करा म्हणालो. त्याने नाव लिहिले आणि विचारले, "सर, बापाचं नाव?" आज्याच्या बापाचे नाव मला सांगता आले नाही. बहिणीला फोन केला, तिलाही ठाऊक नव्हते. त्याने तेवढी जागा सोडली आणि पुढचे नाव घेतले.